रुपयाचा प्रश्न आणि रोजाचा प्रश्न

मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेनं रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला आणि पुढची दोन वर्षं तो तिथंच ठेवला. गृहकर्जाचा हप्ता किती वाढला याचे तक्ते वर्तमानपत्रांत छापून आले. कोणत्या बँकेत ठेव ठेवावी याचे सल्ले आले, शेअर बाजाराचं काय होणार यावर रात्री उशिरापर्यंत चर्चा रंगल्या. हप्ता भरणारा, ठेव ठेवणारा आणि शेअर घेणारा, या तिघांची काळजी वाहणारे पुष्कळ होते. चौथ्या माणसाची विचारपूस कुणी केली नाही. तो रोजंदारीवर जाणारा माणूस. कर्ज महागलं की बिल्डर नवी इमारत सहा महिने पुढं ढकलतो, छोटा कारखानदार दुसरी पाळी सुरू करत नाही, हॉटेलमालक नव्या खोल्या बांधायचं थांबवतो. या प्रत्येक थांबण्यामागं कुणाचा तरी रोज बुडतो. व्याजदराचा निर्णय ज्याच्या पोटावर सगळ्यात आधी येतो, त्याचं नाव त्या निर्णयाच्या निवेदनात सापडत नाही.

हा माणूस कसा जगतो ते मुंबईच्या मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेतून दिसणं अवघड आहे, म्हणून एक गाव घेऊ. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यातलं कुंभारवाडा. जोयड्याहून अंशी घाट उतरून कारवारला जाणाऱ्या रस्त्यावर हे गाव लागतं. चहूकडे काळी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. त्यातल्या एका वनपरिक्षेत्राचं नावही कुंभारवाडाच. तालुक्याचं जुनं ठाणं सुपा, तेही काळी नदीवरच्या धरणाखाली गेलं आणि तिथले लोक रामनगरला वसले. तालुका पसरलेला अवाढव्य, पण माणसं २०११च्या जनगणनेत ५० हजारांच्या आसपास. कुणबी, धनगर गवळी, सिद्दी, मराठा अशी वस्ती. घरात कोकणी किंवा मराठी, सरकारी कागद कन्नडमध्ये, आणि पैसा मिळवायला बरेचदा गोवा.

इथल्या कुणबी घराचं वर्ष पगारपत्रकात बसणारं नाही. पावसाळ्यात आपल्या तुकड्यावर भाताची लावणी. परसात आणि बांधावर काटेकणगी, करांदे, माडी, सुरण. जोयड्यात जानेवारीच्या सुमाराला कंदमुळांचा मेळा भरतो, तेव्हा ही मेहनत चार लोकांना दिसते. जंगलातून काही गोळा करून आणावं तर राखीव क्षेत्राचे नियम आडवे येतात. सुगी संपली की तरुण पोरं मडगाव, फोंडा, वास्कोकडे बांधकामावर, हॉटेलात, कुणाच्या बागेत कामाला जातात. काहींना गणेशगुडी-दांडेलीच्या रिसॉर्टांत काम मिळतं. पाऊस जवळ आला की परत. बाई मात्र बारा महिने घर, गोठा, भात, कंद आणि सरपण यांतच असते. तिच्या हातात रोकड क्वचितच येते.

आता सरकारी पाहणी करणारा या घरी आला तर काय लिहील? नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणाच्या चालू साप्ताहिक स्थितीच्या पद्धतीत, मागच्या सात दिवसांत एक तासभर जरी काम केलं असलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या शेतात पैशाविना राबणारी बाईही ‘घरच्या उद्योगातली मदतनीस’ म्हणून रोजगारातच मोजली जाते. त्या व्याख्येत वाईट काही नाही, जगभर साधारण अशीच व्याख्या वापरतात. बाईचं काम काम म्हणून नोंदलं जातं हे चांगलंच आहे. पण त्यातून निघणारा बेकारीचा आकडा कुंभारवाड्याबद्दल काहीही सांगत नाही. इथं बेकार कुणीच सापडणार नाही, कारण बेकार बसणं कुणालाच परवडत नाही. काम नसलं की माणूस कमी मोलाचं काम करतो. गोव्यातलं बांधकाम थांबलं तर तो परत येऊन बापाच्या शेतात उभा राहतो, आणि सर्वेक्षणात तेव्हाही तो ‘रोजगारात’ असतो. नेहमीच्या स्थितीच्या पद्धतीनं मोजलेला देशाचा बेकारीचा दर २०१७-१८ साली ६.१ टक्के होता, तो २०२३-२४ मध्ये ३.२ टक्क्यांवर आला. त्याच काळात स्वयंरोजगारात असलेल्यांचं प्रमाण ५२.२ वरून ५८.४ टक्क्यांवर गेलं. ग्रामीण स्त्रियांचा श्रमबलातला सहभाग २४.६ वरून ४७.६ टक्क्यांवर पोचला. शेतीवर असलेल्यांचा वाटा, जो विकासाबरोबर घटायला हवा, तो २०१८-१९ मधल्या ४२.५ टक्क्यांवरून ४६.१ टक्के झाला. हे चार आकडे एकत्र वाचले की पहिल्या आकड्याचा आनंद उरत नाही.

ते एकत्र वाचणारा माणूस मध्यवर्ती बँकेच्या आत हवा, त्याला तिथं पूर्णवेळ, मानाची, वर जाणारी कारकीर्द हवी, आणि त्याच्या अभ्यासाची सुरुवात कुंभारवाड्यासारख्या ठिकाणी व्हायला हवी, एवढंच मला या लेखात मांडायचं आहे. श्रमाचा अभ्यास हा पतधोरणाच्या कडेला ठेवायचा समाजकल्याणाचा विषय नाही. पतधोरण कळायचं असेल तर तोच आधी कळायला हवा.

हा विचार परदेशातून आणायचीही गरज नाही. १९२३ साली लंडनमध्ये एक प्रबंध पुस्तकरूपानं प्रसिद्ध झाला: ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’. लेखक भीमराव रामजी आंबेडकर. रिझर्व्ह बँक याच पुस्तकावरून उभी राहिली, असं आपल्याकडे सरसकट सांगितलं जातं. इतकं ताणायचं कारण नाही. डिसेंबर १९२५ मध्ये त्यांनी भारताच्या चलनावर नेमलेल्या हिल्टन यंग आयोगापुढं साक्ष दिली, हे खरं; आयोगानं मध्यवर्ती बँकेची शिफारस केली आणि १ एप्रिल १९३५ला बँक सुरू झाली, हेही खरं. पण त्या पुस्तकाचं मोठेपण बँकेच्या जन्मकथेत नाही. ते त्यातल्या एका युक्तिवादात आहे. रुपयाचा विनिमय दर पडला की निर्यात वाढते आणि देशाचा फायदा होतो, असं त्या काळी बडे व्यापारी आणि त्यांचे पुढारी सांगत. आंबेडकरांनी विचारलं, फायदा कुणाचा? रुपया पडला की देशातल्या किमती चढतात आणि मजुरी त्यांच्या मागून, रखडत चढते. मधल्या काळात मालकाच्या हाती जे जास्तीचं पडतं ते मजुराच्या ताटातलं असतं. देशाचा म्हणून सांगितला जाणारा फायदा हा एका वर्गानं दुसऱ्या वर्गाकडून घेतलेला असतो.

चलनाच्या प्रश्नाकडे बघण्याची ही नजर श्रमाच्या अर्थशास्त्रज्ञाची आहे. किमती स्थिर का ठेवायच्या, याचं उत्तर आंबेडकरांनी मजुराकडून घेतलं. पुढं १९३६ साली त्यांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला, १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळलं, आणि त्याच काळात कारखान्यांचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारी दुरुस्ती तयार झाली. रुपयाचा अभ्यासक आणि मजूरमंत्री हे दोन वेगळे आंबेडकर असल्यासारखं आपण शिकवतो. एका वर्गात चलन, दुसऱ्या वर्गात कामगार कायदे. त्यांच्या डोक्यात ती फाळणी नव्हती.

आपल्या महागाईच्या निर्देशांकाची कुळकथाही हेच सांगते. आज पतधोरण समिती ज्या आकड्यावर बोट ठेवून व्याज ठरवते, त्याचे पूर्वज मुंबईच्या गिरणगावात जन्मले. १९१९-२० मध्ये गिरण्यांत मोठे संप झाले. युद्धानं धान्य महागलं होतं, मजुरी जागच्या जागी होती. किती महागलं यावर मालक आणि कामगार यांची एकवाक्यता होईना. १९२१ साली मुंबई सरकारनं लेबर ऑफिस काढलं. त्यानं कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, जुलै १९१४ हा पाया धरून मुंबईच्या कामगारवर्गाचा राहणीखर्चाचा निर्देशांक काढायला सुरुवात केली आणि ‘लेबर गॅझेट’मधून तो छापू लागलं. मार्च १९४० मध्ये मुंबईचे गिरणी कामगार महागाई भत्त्यासाठी संपावर गेले, तेव्हा भांडणाच्या मध्यभागी हा निर्देशांकच होता. १९४४ला डी. व्ही. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली देशभरच्या कामगारांची पाहणी करणारी समिती नेमली गेली. १९४६ साली सिमल्याला लेबर ब्युरो आला. म्हणजे भाव मोजायची पद्धतच मुळात मजुरीच्या वादातून आली. ‘इतके भाव वाढले’ या वाक्याला ‘म्हणून इतकी मजुरी द्या’ हा दुसरा भाग जोडलेला होता. पुढं निर्देशांक तेवढा मिंट रोडवर पोचला, आणि वाक्याचा दुसरा भाग लालबाग-परळलाच राहिला.

खेड्यातल्या मजुराच्या वाट्याला तर निर्देशांकही जुनापाना आला. शेतमजुरांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाचं आधारवर्ष १९८६-८७ होतं. ते बदलून २०१९ करायला २०२५ साल उजाडलं. मधल्या काळात खेड्यात मोबाइल आला, दुचाकी आली, मुलांच्या शिक्षणाचा खर्च आला, दवाखान्याचा खर्च आला. रोजगार हमीची मजुरी दरवर्षी वाढवली जायची ती याच निर्देशांकावरून. २०२५-२६ साठी कर्नाटकात ती ३७० रुपये ठरली, गोव्यात ३७८, महाराष्ट्रात ३१२. कुंभारवाड्याच्या रोजाची किंमत चाळीस वर्षांपूर्वीच्या खर्चाच्या मापानं ठरत राहिली, आणि ही गोष्ट पतधोरणाच्या चर्चेत कधी मोठी बातमी झाली नाही.

आता कारकिर्दीकडे येऊ. मराठी वाचकांना रिझर्व्ह बँकेतला अर्थतज्ज्ञ म्हटलं की डॉ. नरेंद्र जाधव आठवतात. वडील मुंबई पोर्ट ट्रस्टमधले कामगार, बालपण वडाळ्याचं, पुढं अमेरिकेत इंडियाना विद्यापीठाची डॉक्टरेट, रिझर्व्ह बँकेत तीन दशकं, प्रमुख अर्थतज्ज्ञपदापर्यंत. ‘आमचा बाप आन् आम्ही’मुळं (१९९३) हे घर मराठी माणसाच्या परिचयाचं झालं. आंबेडकरांच्या आर्थिक विचारांवरही त्यांनी लिहिलं. त्यांच्या बँकेतल्या वर्षांतले मोठे ग्रंथ बघा: चलनाचं अर्थशास्त्र, पतधोरण, वित्तीय स्थैर्य. श्रम, रोजगार आणि कौशल्यविकास हे विषय त्यांच्याकडे आले ते बँक सोडल्यानंतर, २००९ ते २०१४ या काळात नियोजन आयोगाचे सदस्य असताना. हा त्यांचा दोष मुळीच नव्हे. संस्थेची रचनाच तशी होती. कामगाराच्या घरात वाढलेला, श्रमाची झळ जवळून पाहिलेला माणूस मध्यवर्ती बँकेत शिरतो तेव्हा तिथं त्याच्यासाठी चलनाची खुर्ची असते, श्रमाची नसते. श्रमाचं काम करायला त्याला दिल्लीत दुसऱ्या इमारतीत जावं लागतं. या एका कारकिर्दीत आपल्या आर्थिक व्यवस्थेची ती फाळणी स्वच्छ दिसते.

अमेरिकेत ही भिंत वेगळ्या जागी आहे. १९७७च्या कायद्यानं तिथल्या फेडरल रिझर्व्हवर दोन जबाबदाऱ्या टाकल्या: किमती स्थिर ठेवणं आणि जास्तीत जास्त रोजगार. त्याच वर्षी जेनेट येलेन फेडमध्ये अर्थतज्ज्ञ म्हणून दाखल झाल्या. मजुरी आणि बेकारी हा त्यांचा अभ्यासविषय. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांच्याबरोबर त्यांनी एका साध्या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं: मंदीत माणसं कमी पगारावर काम करायला तयार असतात, तरी मालक पगार कापण्याऐवजी माणसंच का काढतो? त्यांचं उत्तर असं की पगार अन्यायाचा वाटला की माणूस मन लावून काम करत नाही, आणि मालकाला ते ठाऊक असतं. म्हणून पगार टिकतो, नोकऱ्या जातात. २०१४ ते २०१८ येलेन फेडच्या अध्यक्ष होत्या. बेकारीचा दर खाली आला म्हणजे सगळं ठीक झालं, असं त्यांनी मानलं नाही. पूर्णवेळ काम हवं असून अर्धवेळ करणारे किती, शोधून थकून घरी बसलेले किती, नोकरी आपण होऊन सोडायचं धाडस किती जणांना होतं, असे वेगवेगळे आकडे शेजारी ठेवून त्या बोलत. मार्च २०१४ मध्ये शिकागोच्या भाषणात त्यांनी तीन कामगारांच्या कहाण्या सांगितल्या. मध्यवर्ती बँकेच्या अध्यक्षानं व्याजदराच्या भाषणात कामगाराचं नाव घेणं ही छोटी गोष्ट नव्हे.

अमेरिकेचं सगळंच घ्यावं असं मी म्हणत नाही. त्याच फेडनं १९८१च्या सुमाराला महागाई मोडायला व्याज १९-२० टक्क्यांवर नेलं होतं आणि १९८२च्या अखेरीला बेकारी १०.८ टक्क्यांवर गेली. रोजगाराची कायदेशीर जबाबदारी असूनही. कायद्यात शब्द असणं पुरत नाही. आणि येलेन-अकरलॉफ यांचा सिद्धान्त आपल्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही, हे त्याहून महत्त्वाचं. तिथं धक्का बसला की नोकरी जाते आणि बेकारीचा दर चढतो. दर चढला की बँकेला कळतं. कुंभारवाड्याच्या माणसाला नोकरीच नव्हती, तेव्हा ती जाणार कशी? त्याचे कामाचे दिवस कमी होतात. ज्या कामाला कालपर्यंत एक भाव मिळायचा त्याला आज मुकादम कमी देतो. तो गोव्याहून महिनाभर आधी परततो. त्याचा भाऊ शिकत होता, तो शिक्षण सोडतो. यातलं काहीही बेकारीच्या आकड्यात उमटत नाही. आपल्याकडे मंदीचा मार नोकऱ्यांच्या संख्येवर बसत नाही, रोजांच्या संख्येवर बसतो. त्यामुळं बेकारीच्या दराकडे बघणारी बँक भारतात आंधळीच राहणार. कामाचे तास, मिळालेले रोज, रोजाची खरी किंमत आणि कामासाठी घर सोडून राहिलेले महिने, एवढं बघणारा अभ्यासक तिला लागेल. श्रमबल सर्वेक्षणात २०१७ पासून कामाचे तास आणि कमाई विचारली जाते. २०२५च्या जानेवारीपासून ते दर महिन्याला होऊ लागलं आणि नमुना निवडताना जिल्हा हा मूळ घटक धरला जाऊ लागला. म्हणजे कच्चा माल आहे. तो व्याजदराच्या टेबलावर मांडणारा माणूस नाही.

यावर तीन आक्षेप येतात, आणि तिन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की बँकेच्या हातात व्याजदर हे एकच हत्यार आहे, एका हत्यारानं दोन लक्ष्यं साधत नाहीत. मान्य. मीही बँकेला रोजगाराचं लक्ष्य द्या असं म्हणत नाही. ज्याच्यावर वार होणार तो कुठं उभा आहे ते तरी बघा, एवढंच म्हणतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे. महागाई गरिबालाच आधी मारते, म्हणून महागाई आवरणं हेच मजुराचं हित. त्यासाठी वेगळा श्रमाचा अभ्यासक कशाला? आंबेडकरांचा युक्तिवादही इकडेच झुकतो. पण तो शेवटपर्यंत न्या. किमती स्थिर ठेवायच्या त्या मजुरीची खरी किंमत टिकावी म्हणून. मग ती टिकली का, हे मोजायला नको? २०१६ साली रिझर्व्ह बँकेच्या कायद्याची प्रस्तावना बदलली: किंमत स्थैर्य हे मुख्य उद्दिष्ट, वाढीचं भान ठेवून. लक्ष्य ४ टक्के, दोन टक्के इकडं-तिकडं. सलग तीन तिमाही महागाई या मर्यादेबाहेर राहिली तर बँकेनं सरकारला कारणं देणारं पत्र लिहायचं. २०२२ मध्ये ती वेळ आली आणि ३ नोव्हेंबरला समितीची त्यासाठी खास बैठक झाली. त्याच्या आधीच्या सात-आठ वर्षांत देशातल्या शेतमजुरांची आणि बांधकाम मजुरांची खरी मजुरी वर्षाला एक टक्काही वाढली नव्हती. ही गोष्ट अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ यांनी मांडली, आणि त्यासाठी आकडे वापरले ते रिझर्व्ह बँक स्वतः राज्यांच्या सांख्यिकी पुस्तिकेत छापते तेच. भाव तीन तिमाही चुकले तर पत्र. मजुरी सात वर्षं गोठली तर एक ओळही नाही. ज्या कारणासाठी भाव स्थिर ठेवायचे तेच कारण हिशेबातून गळालं आहे.

तिसरा आक्षेप राजकारणाचा. बँकेनं रोजगाराबद्दल बोलायला सुरुवात केली की निवडणुकीच्या आधी व्याज कमी करा असा दबाव येईल. ही भीती खरी आहे. पण बँक रोजगाराबद्दल आजही बोलतेच. जुलै २०२४ मध्ये तिच्या ‘क्लेम्स’ या उत्पादकतेच्या आकडेवारीतून २०२३-२४ या एका वर्षात ४ कोटी ६७ लाख रोजगार वाढले असं निघालं आणि तो आकडा सत्ताधाऱ्यांनी लगेच सभांतून वापरला. त्या मोजणीत शेतात पैशाविना राबणारी बाईही होती आणि गोव्याहून परतून बापाच्या शेतात उभा राहिलेला मुलगाही होता. उत्पादकता मोजायला तयार केलेल्या त्या तक्त्यांचा तो उपयोगच नव्हता. अशा वेळी ‘हा आकडा नोकऱ्यांचा नाही, याचा अर्थ असा लावा’ असं बँकेच्या आतून, अधिकारानं सांगणारा श्रमाचा जाणकार असता तर बँकेचं नाव राजकारणात कमी ओढलं गेलं असतं. अज्ञानानं स्वायत्तता राखली जात नाही.

आणि प्रश्न फक्त रेपो दराचा नाही. कुंभारवाड्याच्या बाईला रिझर्व्ह बँक भेटते ती दुसऱ्याच दारानं, बचत गट आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यानं. मार्च २०२२ मध्ये बँकेनं सूक्ष्म कर्जांसाठी नवे नियम काढले. वर्षाला ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाचं विनातारण कर्ज ते सूक्ष्म कर्ज, आणि त्या कुटुंबाचे सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. व्याजावरची आधीची मर्यादा मात्र काढली. नियम सद्हेतूचा आहे. पण ‘मासिक उत्पन्न’ म्हणजे काय? ज्या घरात डिसेंबर ते मे गोव्यातून पैसे येतात, जूनमध्ये बियाण्याला लागतात, जुलै-ऑगस्टला हातात दमडी नसते, त्या घराचं मासिक उत्पन्न कसं काढायचं? वर्षाच्या कमाईला बारानं भागून? मग श्रावणातला हप्ता कुठून भरायचा? तो दुसऱ्या कंपनीच्या कर्जातून भरला जातो, आणि तिथून पुढची कथा कर्नाटकानं पाहिली आहे. वसुलीच्या छळाला आळा घालायला फेब्रुवारी २०२५ मध्ये राज्य सरकारला वटहुकूम काढावा लागला. हंगामी श्रमाचं अर्थशास्त्र जाणणारा एक जरी माणूस नियम लिहिताना टेबलाशी असता, तर हप्त्याचं वेळापत्रक पिकाच्या आणि स्थलांतराच्या वेळापत्रकाशी जुळवा, असं त्यानं सुचवलं असतं. पीककर्जात आपण सुगीनंतरची परतफेड मान्य करतोच. मजुराच्या कर्जात ती का नको?

हे सगळं रिझर्व्ह बँकेच्या आवाक्याबाहेरचं आहे असं कुणी म्हणेल, तर तिचा स्वतःचाच इतिहास त्याला खोटं ठरवतो. १९५१-५२ मध्ये बँकेनं अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणी केली. ७५ जिल्हे, ६०० गावं, १ लाख २७ हजारांहून अधिक कुटुंबं. ए. डी. गोरवाला अध्यक्ष, आणि समितीत पुण्याच्या गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. हे तेच गाडगीळ, ज्यांनी औद्योगिक मजुरीवरही लिहिलं आणि प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याच्या उभारणीतही हात घातला. पाहणीत निघालं की शेतकऱ्याच्या कर्जातला सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम ३ टक्के आहे, सरकारचाही तेवढाच, आणि सगळ्यात मोठा वाटा सावकाराचा. हा निष्कर्ष मुंबईत बसून काढता आला नसता. पुढची तीस वर्षं ग्रामीण पतपुरवठ्याचं धोरण, स्टेट बँकेची स्थापना धरून, त्या पाहणीच्या पायावर चाललं. १९८२ साली नाबार्ड वेगळी झाली आणि खेडं हे नाबार्डचं काम, अशी समजूत बँकेत रुजली. खेड्यातला मजूर तर नाबार्डच्याही वाट्याला नीट आला नाही, कारण त्याच्याकडे तारण ठेवायला जमीन नव्हती.

माझ्या मते आज त्याच तोडीची दुसरी पाहणी हवी, या वेळी श्रमाची. सहाशे गावं घ्या, तीच माणसं दोन-तीन वर्षं सलग पाहा, वर्षाच्या प्रत्येक ऋतूत. किती रोज मिळाले, कुठं मिळाले, किती पैसे बुडाले, कर्ज कुणाचं, हप्ता कोणत्या महिन्यात चुकला. त्या पाहणीवर बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागात श्रमाची कायमची शाखा उभी राहू दे. तिथल्या अधिकाऱ्याची दर तीन वर्षांनी परकीय चलनाच्या खात्यात बदली होऊ नये. पहिली दोन वर्षं त्यानं सीमाभागात, डोंगरात, स्थलांतराच्या वाटांवर काढावीत, आणि पुढं त्याला उपगव्हर्नरपदापर्यंत जायचा रस्ता मोकळा असावा. पतधोरणाच्या प्रत्येक निवेदनात महागाईच्या परिच्छेदाशेजारी खऱ्या मजुरीचा परिच्छेद असावा. तो वाचून समितीनं व्याज कमी करावं असं बंधन नाही. वाचावं, आणि वाचल्याची नोंद इतिवृत्तात ठेवावी, एवढं बंधन असावं. याला संसदेत नवा कायदा लागत नाही. बँकेच्या मंडळाचा एक ठराव पुरतो.

अशा कामाला माणसं कुठून येणार? सीमाभागातल्या मुलामुलींनी याचा विचार जरूर करावा. दांडेली, हल्याळ, खानापूर, कारवार इथल्या कॉलेजांत शिकणारी मुलगी घरात कोकणी-मराठी बोलते, कागद कन्नडमध्ये वाचते, परीक्षा इंग्रजीत देते, आणि रोज बुडणं म्हणजे काय हे तिला पुस्तकातून शिकावं लागत नाही. बेंगळुरूच्या किंवा दिल्लीच्या अभ्यासकाला कुंभारवाड्यात दुभाषा लागेल, तिला लागणार नाही. रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागात अधिकारी म्हणून शिरायला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि स्पर्धा परीक्षा हा रस्ता सगळ्यांना खुला आहे. त्या परीक्षेला बसणाऱ्यांनी चलन आणि बँकिंग घोकताना श्रमाचं अर्थशास्त्र सोडू नये, आंबेडकरांचं १९२३चं पुस्तक मुळातून वाचावं, आणि मुलाखतीत कुणी विचारलं की तुम्हाला बँकेत कशावर काम करायचंय, तर मजुरीवर, असं सरळ सांगावं.